रफार कुणी चढवला? घरच्या कॉम्प्युटरवर बीटा उबंटू चालवून पाहिल्याची हकिकत

मी सोलापूरच्या साखर पेठेत घरातूनच डीटीपीचं काम करतो. एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला तेलुगू अशा लग्नपत्रिका, गणपतीत पावतीपुस्तकं आणि सप्टेंबरात पतसंस्थांचे, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे हा महिना आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठा. नेमक्या त्याच महिन्यात मी हा उद्योग अंगावर घेतला, ही पहिली चूक. पुढच्या क्रमाने येतीलच.

माझा कॉम्प्युटर २०१६ सालचा. आय-५ ६५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी. विंडोज १० वर बिनतक्रार चालत होता. पण विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होते आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. माझा सहाव्या पिढीचा. चालता बैल बाजारात न्यायचा, असा तो प्रकार. म्हटलं, विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकटच्या लिनक्सवर, त्यातल्या उबंटूवर, मराठी नीट चालतं का ते तरी आधी बघू.

मग सरळ पक्की आवृत्ती सोडून बीटा, म्हणजे पक्की होण्याआधी तपासायला दिलेली आवृत्ती, कशाला, असं भाच्यानेही विचारलं. एक तर २०२६ च्या एप्रिलमध्ये येणाऱ्या दीर्घ मुदतीच्या उबंटूत जे असणार, त्यातलं बरंच २०२५ च्या ऑक्टोबरमधल्या २५.१० या आवृत्तीत आधी दिसणार होतं. दुसरं, मराठीची एखादी खोड सापडली तर ती बीटाच्या काळात कळवली तरच सुटायची काही आशा असते. आणि खरं सांगायचं तर उत्सुकता होतीच.

पण बीटा थेट डिस्कवर टाकायचा नाही, एवढं पक्कं होतं. २०२४ च्या मार्चअखेरीस एक्सझेड नावाच्या छोट्याशा लायब्ररीत कुणीतरी मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा सापडला, तेव्हा उबंटू २४.०४ चा बीटा आठवडाभर पुढे ढकलून, तो चोरदरवाजा आत आल्यानंतर बांधलेली सगळी पॅकेजेस नव्याने बांधावी लागली होती. तयार होत असलेल्या घरात असं काहीही निघू शकतं. म्हणून व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), म्हणजे चालू विंडोजच्या आत एक खोटा कॉम्प्युटर. त्याची डिस्क म्हणजे आपल्या डिस्कवरची एक मोठी फाइल. बिघडलं तर फाइल पुसायची.

विसर्जन ६ सप्टेंबरला झालं. ७ तारखेला, रविवारी, कामाला बसलो. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं की खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ अशी ओळ दिसते. माझ्याकडे ‘डिसेबल्ड’. व्हीएम चालवायची सोय प्रोसेसरमध्ये असते, पण पुष्कळ मदरबोर्डवर ती बायोसमधून, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमधून, चालू करावी लागते. नऊ वर्षांत मी बायोसला हात लावलेला नव्हता. मशीन चालू करताना डिलीट दाबत राहिलो, दोनदा उशीर झाला, तिसऱ्यांदा निळा पडदा आला. सीपीयू कॉन्फिगरेशनमध्ये ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ सापडलं, ते एनेबल केलं, एफ १० दाबून बाहेर. एएमडीच्या मशीनवर हेच ‘एसव्हीएम’ नावाने असतं. जाण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काय बदललं हे नंतर आठवत नाही.

मागून बायको म्हणाली, “उद्या अहवालाचं प्रूफ द्यायचंय आणि आज हे उघडून बसलात?” मी म्हणालो, पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांचा पुढे महिना झाला.

८ जीबीत दोन कॉम्प्युटर नांदणार नाहीत हे उघड होतं. १० तारखेला नवी पेठेत गेलो. दुकानदाराने मॉडेल ऐकलं आणि म्हणाला, “मालक, सहाव्या पिढीच्या मशीनला आता कशाला रॅम घालताय? नवीनच घ्या की.”

“नवीन केवढ्याला?”

“पस्तीसपासून चालू होतंय बघा.”

“मग रॅमच द्या.”

डीडीआर-४ ची ८ जीबीची काडी, पक्क्या बिलासह २,१५० रुपये. काडीवर २६६६ लिहिलं होतं, माझ्या प्रोसेसरवर ती २१३३ च्याच वेगाने चालते. ते चालतं, फक्त जास्त वेगाचे जास्त पैसे देऊ नका. घरी येऊन बसवली तर पडद्यावर काहीच नाही, नुसता पंख्याचा आवाज. पोटात गोळा आला. दोन्ही काड्या काढल्या, सोनेरी दाते खोडरबराने हलके पुसले, ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबून बसवल्या. १६ जीबी दिसले. बिल जपून ठेवलंय, वॉरंटीला तेच मागतात.

१४ तारखेला व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर, टाकलं. बीटा यायचा होता म्हणून सरावाला एक हलकं लिनक्स चालवून बघितलं, तर ते एवढं संथ की माउस हलवला आणि चहा पिऊन आलो तर बाण पोचलेला असेल. खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक हिरवं कासव दिसत होतं. मला वाटलं शोभेचं असेल. दोन तासांनी कळलं की ते कासव म्हणजे निरोप आहे. विंडोजने हायपर-व्ही, म्हणजे व्हीएम चालवायची स्वतःची सोय, चालू ठेवलेली असली की व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसर थेट मिळत नाही, त्याच्यामार्फत जावं लागतं, आणि तेव्हा कासव दिसतं. पण हे चालू केलं कुणी? भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामा, मेमध्ये मी मोबाइलचा गेम चालवायला एक एम्युलेटर टाकला होता ना, तेव्हा केलं होतं.” विंडोज फीचर्समध्ये जाऊन हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरवायझर प्लॅटफॉर्म या तिन्हींवरच्या खुणा काढल्या, रीस्टार्ट केलं. कासव गेलं, त्या जागी निळं चिन्ह आलं, आणि तेच लिनक्स बऱ्यापैकी पळायला लागलं. ज्यांच्याकडे खुणा काढूनही कासव हटत नाही, त्यांनी विंडोज सिक्युरिटीतलं मेमरी इंटेग्रिटी चालू आहे का ते बघावं.

विंडोज ११ ची इनसायडर, म्हणजे आधी तपासायला देतात ती, आवृत्तीही व्हीएममध्ये लावायचा विचार केला होता. विंडोज ११ सुरक्षेची टीपीएम चिप मागतं, पण व्हर्च्युअलबॉक्स ७ पासून ती खोटी देता येते, त्यामुळे ते अडत नाही. पण ६४ जीबी डिस्क, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नोंदणी आणि आपल्या वापराची जादा माहिती पाठवायला संमती, एवढं वाचून सोडून दिलं. मला विंडोज तपासायचं नव्हतंच.

उबंटू २५.१० चा बीटा १८ सप्टेंबरला, गुरुवारी आला. आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची अख्खी फाइल, ५ जीबीच्या पुढची. ब्राउझरमधून लावली ती रात्री ८३ टक्क्यांवर लाइन जाऊन मेली. सकाळी टॉरेंटने लावली. उबंटूवाले अधिकृत टॉरेंट देतात, आणि मध्ये खंड पडला तरी तिथूनच पुढे सुरू होतं. उतरल्यावर शा-२५६ चा आकडा, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारी खूण, ताडून बघायला विसरू नका. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची कमांड आधीपासून असते, ती फाइलचा आकडा काढून देते, तो साइटवरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. मी पहिले आठ आणि शेवटचे आठ जुळवले आणि पुढे गेलो.

२० तारखेला, शनिवारी, इन्स्टॉल. व्हीएमला ६ जीबी रॅम, दोन कोअर, ४० जीबीची वाढती डिस्क, व्हिडिओ मेमरी १२८ एमबी. नेटवर्क ‘नॅट’ वरच ठेवलं, म्हणजे आतला कॉम्प्युटर नेट वापरू शकतो, पण घरातल्या इतर यंत्रांना तो दिसत नाही. शेअर्ड फोल्डर मुद्दाम बंद. आयएसओ निवडताना आपोआप इन्स्टॉल करण्याचा पर्याय चालू राहिला, ते मी वाचलं नाही. अर्ध्या तासाने मशीन तयार, पण युजरचं नाव व्हीबॉक्सयुजर आणि सुडोचे, म्हणजे मशीनमध्ये काहीही बदलण्याचे, अधिकार नाहीत. म्हणजे घर आपलं, किल्ली दुसऱ्याची. पुसून पुन्हा केलं, यावेळी हाताने, पानापानाने. पन्नास मिनिटं लागली. डेस्कटॉप दिसला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी एकटाच हसत होतो. लगेच स्नॅपशॉट घेतला, म्हणजे मशीन त्या क्षणी जसं होतं तसं जपून ठेवलं, बिघडलं तर तिथे परत जायला. नाव दिलं ‘कोरं’. एवढं एक शहाणपण त्या दिवशी सुचलं.

नवं बरंच होतं. डेस्कटॉप नोम ४९, पडद्यावर चित्र दाखवायला फक्त वेलँड, त्यासाठीच्या जुन्या एक्स-ऑर्गचं सेशन गायब. सुडो आणि रोजच्या छोट्या कमांड रस्ट भाषेत नव्याने लिहिलेल्या. मला मात्र रस एका गोष्टीत होता. मराठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी जोडली आणि पहिला शब्द टाइप केला तो ‘दुसऱ्या’. मराठीची परीक्षा घ्यायची तर हाच शब्द. जे दाबलं की र, शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ, मग डी ने पाय मोडायचा, मग य, मग काना. पडद्यावर ऱ चं ते चंद्रकोरीसारखं वळण य ला नीट चिकटलेलं आलं. बरं वाटलं.

रविवारी, २१ तारखेला, खरा माल आणला. मागच्या वर्षीचा एका पतसंस्थेचा अहवाल, जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असतो त्या पद्धतीत, बदललेला. यासाठी वेगळं ईमेल खातं काढून त्यावरून फाइल आत नेली. रोजच्या कामाचं खातं, बँकेचा पासवर्ड, यातलं काहीही बीटात उघडायचं नाही, हा माझा नियम. फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली आणि दुसऱ्याच पानावर ‘शेतकर्यांना कर्जवाटप’. र चा रफार होऊन यां च्या डोक्यावर बसलेला. पुढे ‘व्यापार्यांच्या’, ‘कर्मचार्यांचे’. पानापानावर तेच.

आता सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. बीटातली मराठीची चूक, आणि ती सोलापुरात बसून मला सापडली!

त्याच रात्री कळवायला बसलो. हा भाग सरकारी कचेरीसारखाच आहे, फक्त रांग दिसत नाही. उबंटूच्या चुका लाँचपॅड नावाच्या साइटवर नोंदवतात. आधी उबंटू वनचं खातं, ईमेलची खातरजमा. मग व्हीएमच्या आत टर्मिनलमध्ये उबंटू-बग ही कमांड आणि पॅकेजचं नाव. ती आवृत्ती, कर्नल, लॉग असलं सगळं गोळा करते आणि ब्राउझरमध्ये फॉर्म उघडते. काय गोळा केलंय ते पाठवण्यापूर्वी बघता येतं, बघा. फॉर्ममध्ये तीनच गोष्टी लिहायच्या: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. माझं इंग्रजी बेताचं, पण छोटी वाक्यं चालतात. पतसंस्थेचं नाव काढून दोन ओळींची नमुना फाइल जोडली, स्क्रीनशॉट जोडला. सबमिट. बग क्रमांक मिळाला, अवस्था ‘न्यू’.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. त्या आठवड्यात आमच्याकडे काय पाऊस झाला ते सगळ्यांना ठाऊक आहे. सीनेला पूर, गावंच्या गावं पाण्यात. आमच्या पेठेत पाणी नव्हतं, पण वीज दिवसातून सहा-सात वेळा जायची. माझा यूपीएस दहा मिनिटं टिकतो. तेवढ्यात व्हीएम रीतसर बंद होईलच असं नसतं. खिडकी बंद करताना ‘सेव्ह स्टेट’ निवडलं की आहे तसं गोठतं आणि नंतर तिथूनच सुरू होतं. अहवालांची कामं चालू, दोन संस्थांचे सदस्य पुरात अडकलेले, प्रूफ कुणाला दाखवायचं हाच प्रश्न. त्यात मी दिवसातून चारदा बगचं पान उघडून बघायचो. चार दिवस काहीच नाही.

२६ तारखेला उत्तर आलं. अवस्था ‘इनकम्प्लीट’. विचारलं होतं: हेच २४.०४ वर होतं का? दुसऱ्या फॉन्टमध्ये? त्या शब्दातल्या अक्षरांचे युनिकोड क्रमांक काय आहेत? ‘इनकम्प्लीट’ म्हणजे नाकारलं असं नाही, माहिती अपुरी आहे एवढंच. पण साठ दिवस कुणी काही बोललं नाही तर ती नोंद आपोआप बाद होते, हे ध्यानात ठेवा.

फॉन्ट बदलून बघितला, तोच रफार. २४.०४ मात्र माझ्याकडे नव्हतं. बीटाशेजारी पक्क्या आवृत्तीचं एक मशीन पहिल्या दिवसापासून ठेवायला हवं होतं, मी जागा वाचवली होती. २७ तारखेला दुसरी व्हीएम बांधायला घेतली. अर्ध्यात विंडोजची डिस्क भरली आणि दोन्ही मशीनं थबकली. वाढती डिस्क वाढते, आपणहून आकसत नाही, आणि प्रत्येक स्नॅपशॉट वेगळी जागा खातो. मधल्या काळात मी सहा स्नॅपशॉट घेतले होते. फोल्डरमध्ये जाऊन बघितलं तर अकरा जीबीची एक लांबलचक नावाची फाइल. जुनी असेल म्हणून उडवली. रिसायकल बिनमधूनही.

बीटाची व्हीएम त्यानंतर उघडलीच नाही. स्नॅपशॉट एकमेकांवर रचलेले असतात. मधली वीट काढली की वरचं सगळं गेलं. ते व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीतूनच काढायचे असतात, आणि काढताना ते आधी एकमेकांत मिसळतात म्हणून तेव्हाही थोडी मोकळी जागा लागते. हे सगळं मला नंतर कळलं. त्या रात्री जेवलो नाही. अहवालाच्या मूळ फाइली विंडोजवर सुरक्षित होत्या, गेलं ते फक्त बीटाचं आठवड्याभराचं काम. पण चिडचिड व्हायची ती झालीच. बायको काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

२९ तारखेला पुन्हा नवी पेठ, ५०० जीबीची साधी साटा एसएसडी, ३,२५० रुपये. “मालक, म्हटलं नव्हतं का?” हे ऐकून घेतलं. एकूण खर्च ५,४०० झाला, तो इथेच थांबला.

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, कॉम्प्युटरची पूजा केली, कीबोर्डला हळद-कुंकू, आणि संध्याकाळी नव्या डिस्कवर दोन व्हीएम बांधल्या. डावीकडे २४.०४, उजवीकडे बीटा. ३ तारखेला तीच नमुना फाइल दोन्हीकडे उघडली. दोन्हीकडे ‘शेतकर्यांना’. मग विंडोजवर उघडली. तिथेही ‘शेतकर्यांना’.

खुर्चीत मागे रेललो. ही युनिकोडमधली फाइल मी विंडोजवर कधी नीट वाचलीच नव्हती. तिथे मी जुन्या फॉन्टमधली मूळ फाइलच वापरतो.

लिबरऑफिसमध्ये अक्षरापुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबलं की त्याचा युनिकोड क्रमांक दिसतो. स्वतः टाइप केलेल्या ‘दुसऱ्या’त ०९३१ निघाला, तो ऱ. फाइलमधल्या ‘शेतकर्यांना’त ०९३०, म्हणजे साधा र, पुढे हलंत, पुढे य. जुन्या फॉन्टमधून बदलणारी साधनं ऱ्य लिहिताना बऱ्याचदा साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात, क्रमांक २००डी. ते असेल तर र चा रफार होत नाही. माझ्या मूळ रूपांतरित फाइलमध्ये ते होतं. आणि मग आठवलं. ‘नको असलेली लपलेली चिन्हं’ साफ करायला मीच वर्षापूर्वी एक फाइंड-रिप्लेस चालवलं होतं. सगळी जोडचिन्हं मीच झाडून टाकली होती. बीटाने तर जे लिहिलं होतं तेच बिनचूक दाखवलं.

लाँचपॅडवर तीन ओळी लिहिल्या: चूक माझ्या मजकुरात होती, तिन्हीकडे तपासलं, क्षमस्व. नोंद टाकणाऱ्याला अवस्था स्वतः बदलता येते, ती ‘इनव्हॅलिड’ केली. दिवस ६ ऑक्टोबर, कोजागरी. आदल्या दिवसापासून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांचे जथे रस्त्याने चालले होते, आणि मी खिडकीत बसून हे लिहीत होतो. त्यावर पुढे उत्तर आलं नाही, यायचं कारणही नव्हतं. ज्या कुणी तो युनिकोड क्रमांकाचा प्रश्न विचारला, त्याला मी मनातल्या मनात शेंगापोळी पाठवली.

९ तारखेला २५.१० पक्कं आलं. बीटावर असणाऱ्यांना नव्याने टाकावं लागत नाही, नेहमीचे अपडेट घेतले की तेच पक्कं होतं. पण त्याला आधार नऊच महिने, त्यामुळे धंद्याच्या मशीनवर ते ठेवणार नाही. माझं जुन्या फॉन्टचं सॉफ्टवेअर अजून विंडोजच मागतं. १४ तारखेच्या आत विंडोज १० ला एका वर्षाच्या वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करून टाकली, सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावरूनच होते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर सेटिंग्ज सिंक केल्या तर पैसे पडत नाहीत. मुदत १३ ऑक्टोबर २०२६. तोपर्यंत २४.०४ ची व्हीएम रोज दुपारी दोन तास उघडतो आणि जुने अहवाल दुरुस्त करतो.

तेही सरळ नाही. पहिल्या दिवशी उत्साहाने सगळीकडे ‘र्या’चं ‘ऱ्या’ करून टाकलं, आणि पहिल्याच पानावर संस्थेच्या नावाखाली ‘मुख्य काऱ्यालय’ झालं. ‘पऱ्याय’, ‘आचाऱ्यांचे’, ‘सूऱ्याजी’. यावेळी स्नॅपशॉट होता, यादीतून मागे गेलो. आता एकेक शब्द बघून पुढे जातो. २०२४ आणि २०२३ झालेत, २०२२ चा निम्मा झालाय, आणि त्यात ‘कर्मचारी’ फार आहेत.